मातोश्रींचा अभिग्रह आणि अमेरिकन गाडीची तहान

जळगाव, रविवार,
ता. ११ ऑगस्ट १९६८

आदरणीय धनसिंगनाना यांच्या सेवेशी,

नेमीचंदचा वाकून नमस्कार. सौ. वहिनींनाही सांगावा. तुमचा गुडघा आता कसा आहे? गेल्या खेपेला कोर्टाच्या पायऱ्या चढताना तुम्ही दोनदा थांबलात ते मी पाहिलं होतं, पण वकील माणसाला पक्षकारांसमोर असं काही विचारू नये म्हणून गप्प बसलो. वहिनींचा खोकला थांबला असेल. म्हैस व्यायली असेल तर चीक आमच्यासाठी ठेवू नका, कारण आमच्या घरात सध्या दुधाचं नाव काढण्याची सोय नाही. हा विषय मी पत्राच्या शेवटी हळूच काढणार होतो, पण तुम्ही तुमच्या कार्डात तीनच ओळी लिहिल्यात आणि तिन्हींत तेच विचारलंत, तेव्हा आधी उत्तर देतो. होय, ऐकलंत ते खरं आहे. मातोश्रींनी ज्येष्ठापासून दूध, दही, ताक, तूप सगळं सोडलं आहे. वय बहात्तर. दोन महिन्यांत हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या आहेत. चंदनबाई (आमचं कुटुंब) रोज संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत दुधाचा पेला त्यांच्यासमोर नेऊन ठेवते आणि रोज तो तसाच परत आणते.

तुम्ही म्हणाल, विचारा ना त्यांना कारण. नाना, तिथेच तर सगळं अडलं आहे. हा साधा नियम असता तर विचारलं असतं. हा अभिग्रह आहे. आमच्यात अभिग्रह म्हणजे मनाशी एक अट धरायची, ती पुरी होईपर्यंत एखादी वस्तू सोडायची, आणि अट कोणाला म्हणजे कोणालाही सांगायची नाही. सांगितली की अभिग्रह मोडला. घरच्यांनी आपल्या अकलेने ओळखावं, किंवा योगायोगाने ती अट पुरी व्हावी. मातोश्रींनी स्थानकात (म्हणजे आमच्या साधूंच्या उतरायच्या जागी) महाराजसाहेबांसमोर हात जोडले, मनात काय धरायचं ते धरलं, आणि घरी येऊन चहा परत केला. तेव्हापासून ती अट ओळखायच्या मागे मी आहे. अट गाडीबद्दलची आहे एवढं मात्र घरात सगळ्यांना कळून चुकलं, कारण अभिग्रह घेतला तो मी गाडीतून धुळ्याला तुमच्याकडे येऊन गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

आता गाडीचं सांगतो. तुम्ही तिला ‘ती पांढरी आगबोट’ म्हणालात ते मी विसरलो नाही, पण तुम्ही तिला फक्त उभी पाहिली आहे. मुंबईतला अमेरिकन साहेब मायदेशी परत निघाला आणि ती माझ्या नशिबात आली, हे मी पुण्याचं फळ समजतो. पाच वर्षांची वापरलेली, पण आतून नव्या नवरीसारखी. तिचं मर्म असं, की तिच्या इंजिनाचा जो धूर मागच्या नळीतून वाया जायचा, तो वाटेत एका मुठीएवढ्या पंख्यावर सोडला आहे. त्या धुराने पंखा फिरतो आणि फिरता फिरता इंजिनात बाहेरची हवा कोंबतो. म्हणजे चुलीने आपल्याच धुराच्या जोरावर आपणच फुंकणी मारून घ्यायची. जितकी फुंकर तितकी आग, जितकी आग तितका धूर, आणि जितका धूर तितकी फुंकर. ज्याच्या डोक्यात हे आलं त्याचा फोटो मी दुकानात लावला असता, पण गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात त्याचं नाव कुठे दिलेलं नाही.

अशा गाडीला सांभाळणं म्हणजे घरात जावई राहायला आल्यासारखं आहे. कुठूनही आलं की इंजिन लगेच बंद करायचं नाही, दोन-तीन मिनिटं नुसतं चालू ठेवायचं, कारण पंखा लालबुंद झालेला असतो आणि त्याच्या अंगातलं तेल जळून जातं. (त्यामुळे मी दारात आलो तरी घरात येत नाही, गाडीत बसून राहतो. पहिल्या दिवशी चंदनबाईला वाटलं मी रागावलो आहे.) तेल दर हजार मैलांना बदलायचं. स्टिअरिंग डाव्या हाताला, त्यामुळे पुढच्या बैलगाडीपलीकडे काय येतंय ते मला दिसत नाही. म्हणून उजवीकडे भिकन मिस्त्रीला बसवावं लागतं. तो खिडकीतून मान बाहेर काढून ‘जाऊ द्या’ किंवा ‘थांबा’ म्हणतो. भिकन म्हणजे आपला जिनिंगच्या इंजिनांवर काम करणारा. शाळेचं तोंड त्याने पाहिलेलं नाही, पण इंजिनाला कान लावून तो सांगतो की आत कोणत्या खणात काय दुखतंय. पंखा पहिल्यांदा उघडला तेव्हा तो अर्धा तास नुसता बघत बसला आणि मग हात धुऊन आला. काम करण्याआधी हात धुणारा मिस्त्री मी पहिल्यांदाच पाहिला.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे तिची तहान. इंजिनाजवळ एक बाटली आहे. पंखा जोरात फिरायला लागला की त्या बाटलीतला पातळ पदार्थ तुषारांसारखा इंजिनात जातो आणि आतली आग आवरून धरतो. बाटली रिकामी झाली तर गाडी बंद पडत नाही (अमेरिकन लोक विचारी आहेत), पण ती पंख्याला काम करू देत नाही. मग ती साध्या गाड्यांसारखी गुमान चालते, आणि तिच्यात बसलेल्या माणसाला तोंड दाखवायला जागा राहत नाही. पुस्तकात लिहिलं होतं, अर्धं शुद्ध पाणी आणि अर्धा स्पिरिट. त्या वाक्याखाली मी तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली आणि तिथेच पुस्तक मिटलं. ही माझी चूक, पुढे कळेलच.

स्पिरिटच्या परवान्याचा अर्ज तुम्हीच लिहून दिलात. परवान्याच्या साहेबांनी मला विचारलं, ‘कशासाठी पाहिजे?’ मी म्हटलं, गाडीला. ते म्हणाले, ‘सगळे असंच काहीतरी सांगतात.’ नेमीचंद ओसवाल, तीन पिढ्या कांदा न खाल्लेल्या घरातला, दारूबंदीच्या कचेरीत घाम पुसत उभा होता आणि मागे रांगेतले दोघेजण माझ्याकडे आपुलकीने बघत होते. शेवटी परवाना मिळाला, आणि ज्येष्ठातल्या त्या मंगळवारी तुमच्या धुळ्याहून दोन बाटल्या गोणपाटात गुंडाळून मी जळगावला आणल्या. येताना पारोळा ते एरंडोल काय गाडी पळाली, नाना. मैलाचे दगड कुंपणाच्या काठ्यांसारखे जवळजवळ वाटायला लागले. तुमच्या दारापासून माझ्या दारापर्यंत एक तास दहा मिनिटं. बसला तीन तास लागतात. मातोश्री ओट्यावर माळ घेऊन बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, कितीला निघालास, आणि मी छाती काढून सांगितलं. मग गोणपाट पोटाशी धरून मागच्या दाराने गॅरेजमध्ये गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्थानकात गेल्या, आणि चहा परत आला.

मग काय ओळखायचं राहिलं? मी रात्रभर विचार केला. श्रावकाने जे पंधरा धंदे करू नयेत म्हणून सांगितलं आहे, ते मातोश्रींना तोंडपाठ आहेत. त्यात दारूचा धंदा आहे, विषाचा आहे आणि गाड्यांचाही आहे. माझ्या एका गॅरेजात तिन्ही. बाटलीवर विषाची कवटी, आत स्पिरिट, शेजारी गाडी. मी धंदा करत नव्हतो हे खरं, पण त्यांच्यासमोर असली वकिली करायला तुम्हीच पाहिजे होतात. गाडीने दारू सोडावी हीच अट, अशी माझी खात्री पटली. चंदनबाईचीही पटली. आता पंचाईत बघा. आई दूध पिईना म्हणून जीव तुटत होता, आणि गाडी स्पिरिटशिवाय पळेना म्हणूनही तुटत होता. खोटं कशाला बोलू, दोन्हीकडे सारखाच तुटत होता, आणि याची मला लाज वाटत होती. मी रोज ठरवायचो, उद्या बाटली रिकामी करू. आणि रोज एरंडोलपर्यंत जाऊन यायचो.

शेवटी बाटली मातोश्रींनीच रिकामी केली. आषाढात एका दुपारी त्या गॅरेजमध्ये आल्या. भिकन इंजिनात वाकला होता. त्यांनी बाटलीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? भिकन घाबरून म्हणाला, ‘पानी शे, माय.’ (निम्मं खरं होतं.) कधीचं आहे? ‘बावीस रोज व्हयी गयात.’ झालं. नाना, आमच्याकडे प्यायचं पाणी तीनपदरी फडक्याने गाळून उकळतात, आणि पावसाळ्यात उकळलेलं पाणी तीन प्रहरांच्या वर ठेवत नाहीत, त्यात जीव पडतात म्हणून. बावीस दिवसांचं पाणी ऐकून मातोश्रींच्या अंगावर काटा आला. त्यांनी ते सगळं बाटलीतून काढायला लावलं, कोरड्या, मुंगी-किडा नसलेल्या जागी हळूहळू ओतायला लावलं, आणि स्वयंपाकघरातून गाळून उकळून गार केलेलं पाणी आणून बाटली भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आता रोज तांब्या घेऊन येतात. त्यांचं म्हणणं, दारात बांधलेल्या जनावराला आपण शिळं पाणी देतो का?

मला हे चार दिवसांनी कळलं. भिकनने कान पकडून कबूल केलं. आणि गंमत अशी, की त्या चारही दिवशी मी गाडी पळवली होती आणि तिच्यात तिळाएवढा फरक पडला नव्हता. भिकन म्हणाला, ‘पानीवर बी तशीच चालस ना, शेठ. मंग ती दारू कसाले व्हती?’ मी पुस्तक काढलं, तांबडी रेघ शोधली आणि पान उलटलं. पलीकडच्या पानावर पहिलीच ओळ. पाण्यात स्पिरिट अशासाठी घालायचा, की हिवाळ्यात बाटलीतल्या पाण्याचा बर्फ होऊ नये.

म्हणजे वैशाख-ज्येष्ठात, जेव्हा जळगावात डांबर चपलेला चिकटून घरात येत होतं आणि माणसं ओल्या चादरी पांघरून झोपत होती, तेव्हा मी बर्फ होऊ नये म्हणून परवाना काढत फिरत होतो. भिकनला वाचून दाखवलं तर तो खाली बसला. बराच वेळ हसला आणि मग म्हणाला, ‘आपला गावमा बरफ लग्नामा बी भेटत नही.’ मी त्याला रागावलो नाही.

मातोश्रींबद्दल मात्र काय लिहू? अमेरिकेतल्या शंभर इंजिनिअरांनी डोकं चालवून जे सांगितलं, त्यातलं आपल्याला लागणारं तेवढंच त्यांनी ठेवलं आणि बाकीचं मातीत ओतलं, आणि तेही एक अक्षर इंग्रजी न वाचता. उकळलेल्या पाण्याने बाटलीत पांढरा क्षार धरतो, तेवढा भिकन दर रविवारी चिंचेच्या पाण्याने धुतो. बाकी गाडी इतकी खूष कधीच नव्हती. उरलेली दीड बाटली स्पिरिट मी परवान्यासकट काल कचेरीत परत करून आलो. म्हणजे आता गाडी निर्व्यसनी झाली. उद्या सकाळी ही गोष्ट मातोश्रींच्या कानावर जाईल अशा बेताने मी चंदनबाईशी मोठ्याने बोलणार आहे, आणि संध्याकाळी दुधाचा पेला रिकामा परत येईल. पेला रिकामा झाला की तुम्हाला तार करीन. वहिनींना पुन्हा नमस्कार.

आपला,
नेमीचंद

ता. क. (सोमवार) तार केली नाही. मी सकाळी मोठ्याने बोललो, इतकं की शेजारच्यांनी खिडकी उघडली. मातोश्री गहू निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. संध्याकाळी पेला तसाच परत आला. नाना, पर्युषण आठवड्यावर आलं आहे. त्यात त्या उपवासही धरतील, आणि अंगात दुधाचा थेंब नसताना ते झेपायचं नाही. चंदनबाई आज रडली. तुमच्या उलटतपासणीपुढे भलेभले साक्षीदार बोलते होतात, आणि तुमच्यावर मातोश्रींची माया आहे. एकदा येऊन बसा त्यांच्यापाशी. आगबोट घ्यायला पाठवतो.

ता. क. दुसरा (बुधवार, दिवेलागणीच्या आधी) येऊ नका. म्हणजे या, पण घाई नाही. आज काय झालं ते सविस्तर लिहितो, पत्र अजून पेटीत टाकलेलं नाही हे बरं झालं.

भडगावला महाराजसाहेबांचा चातुर्मास आहे आणि मातोश्रींना दर्शनाला जायचं होतं. पावसाने बसचा भरवसा नव्हता. मी म्हटलं, गाडीने नेतो. मनात हे, की गाडी किती गुणी आहे ते एकदा त्यांनी आत बसून बघावं. निघालो, गावाबाहेर पडलो, मोकळा रस्ता बघून पाय दाबला, आणि काही झालं नाही. पंखा झोपलेला. पुन्हा दाबला. बैलगाडीवाला आमच्याकडे बघून हसला. विसाच्या वर काटा जाईना. शेजारून एक सायकलवाला बराच वेळ आमच्याबरोबर होता. उजवीकडे बसलेला भिकन माझ्याकडे बघेना, दोष आपलाच असणार हे त्याला तेव्हाच कळलं असावं. सकाळी मातोश्रींनी पाणी भरल्यावर बाटलीचं झाकण त्याने घट्ट बसवलं नव्हतं. झाकण सैल असलं की बाटलीत दाब धरत नाही, पाणी वर चढत नाही, आणि गाडीला वाटतं बाटली रिकामीच आहे. हे त्याला भडगावला पोचल्यावर सापडलं. पण येतानाही मी रागाने म्हटलं, राहू दे तसंच, व्हायची ती शोभा झालीच आहे.

मागे मातोश्री खिडकीशी बसल्या होत्या. जाताना आणि येताना त्या बोलत होत्या, नाना. कोणाची कपाशी चांगली आली, कोणाच्या विहिरीला पाणी दिसतंय, लग्न होऊन आल्या तेव्हा याच रस्त्याने बैलगाडीतून कशा आल्या होत्या आणि वाटेत माझ्या वडिलांनी उतरून त्यांना बोरं कशी आणून दिली होती. हे मी अडतीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. घरी आलो, मी नेहमीसारखा गाडीत दोन मिनिटं बसून राहिलो. आत गेलो तर मातोश्री चंदनबाईला म्हणत होत्या, ‘सुने, दूध तापलंय का?’ पेला रिकामा केला आणि वर अर्धा मागून घेतला.

अभिग्रह फळला की मग विचारायला हरकत नसते. मी पायाशी बसलो आणि म्हटलं, बाई (आईला आम्ही बाईच म्हणतो), स्पिरिट तर मी शनिवारीच परत केला होता, मग इतके दिवस का थांबलात? त्या म्हणाल्या, ‘कसला स्पिरिट?’

नाना, त्यांना काही माहीतच नव्हतं. गोणपाटात काय होतं ते त्यांनी विचारलंच नव्हतं. दारूचं मी मोठ्याने बोललो ते त्यांना शेजारच्यांबद्दल वाटलं. मी म्हटलं, मग अट कशाची होती? त्या म्हणाल्या, ‘धुळ्याहून आलास त्या दिवशी तुझा चेहरा पाहिला, नेमू. प्यायलेल्या माणसाचा असतो तसा होता. तेव्हापासून तू गेलास की परत येईपर्यंत माझी माळ पुढे सरकत नाही, तोच मणी धरून बसते. म्हणून मनात धरलं, एकदा तरी हा मला घेऊन सावकाश जाऊन येईल, त्या दिवशी दूध घेईन.’ एवढंच. फक्त एकदा. आणि मी त्यांना कधी गाडीत बसवलंच नव्हतं, कारण त्या बसल्या की हळू जावं लागेल.

(स्पिरिटची कबुली मात्र आयतीच देऊन बसलो. त्याचं प्रायश्चित्त म्हणून पर्युषणाचे आठही दिवस मला एकवेळ जेवण.)

ता. क. तिसरा, आणि खरं काम (गुरुवार). अट एकदाचीच होती आणि ती पुरी झाली, तेव्हा मला आता कोणी अडवणार नाही. तीच भीती आहे. मी स्वतःला चांगला ओळखतो. सोमवारी बाजार आहे, एरंडोलचा रस्ता कोरडा झाला आहे असं भिकनने काही कारण नसताना मला येऊन सांगितलं.

म्हणून उद्या आमच्या दुकानातला रतिलाल धुळ्याला बसने येतो आहे, त्याच्याबरोबर एक बिस्किटांचा डबा पाठवतो. त्यात त्या बाटलीचं झाकण आहे. त्याचे आटे अमेरिकन, असलं दुसरं झाकण मुंबईतही मिळायचं नाही, मी विचारून ठेवलं आहे. ते तुमच्या तिजोरीत ठेवा. मी मागितलं तरी देऊ नका. मी पत्र लिहिलं तर फाडून टाका, आणि स्वतः आलो, पाया पडलो, तुमच्या गुडघ्याला औषध आणलं, तरी देऊ नका. मातोश्रींचं नाव सांगून मागितलं तर मुळीच नका देऊ, कारण त्या मागणार नाहीत.

फक्त त्याच्या आत एक रबराचं कडं आहे, ते वाळून तडकतं. दर पंधरा दिवसांनी एरंडेलाचं बोट फिरवावं, आणि डबा उन्हात ठेवू नये.